मुक्या सोबत्याला निरोप देताना

प्रिय विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि विश्वस्त मंडळाच्या माननीय सदस्यांनो,



आपल्या मराठीत माणसाच्या मरणासाठी किती शब्द आहेत पाहा. वारले, निवर्तले, कालवश झाले, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले. घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी बोलताना आपण 'मेले' असे चुकूनही म्हणत नाही. कुत्र्यासाठी मात्र एकच शब्द आहे, 'मेले'. एखाद्याचा शेवट वाईट झाला, तर तो कुत्र्याच्या मौतीने मेला असे म्हणतो. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, पण तिकडेही काही वेगळे नाही. 'कुत्ते की मौत' हा शब्दप्रयोग तिथेही तसाच आहे. ज्या प्राण्याला आपण 'इमानी' हे विशेषण दिले, त्याच्याच मरणाची शिवी केली, हे जरा विचार करण्यासारखे आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण मुलांना ठाऊक आहे. आपल्या शाळेच्या आवारात अनेक वर्षे राहिलेला मोती जानेवारी २०२६ मध्ये, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात गेला. पावसाळ्यात एकदा मागचा पाय मोडलेले एक पिल्लू फाटकाजवळ येऊन पडले होते. आपल्या चौकीदार काकांनी त्याला उचलून आणले आणि पायाला फळी बांधली. पाय थोडा वाकडाच राहिला, पण पिल्लू जगले आणि मोती झाले. नव्या पालकांना हे माहीत नसेल म्हणून सांगितले. शेवटचा महिनाभर मोती शाळेत नव्हता, काकांच्या घरी होता. ते का, याविषयी पुढे लिहिले आहे.

मोती गेल्याचे कळल्यावर चौथीच्या वर्गातून एक चिठ्ठी आली, "सर, मोतीसाठी प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटे उभे राहायचे का?" त्यावर पालकांत दोन मते पडली. काहींना ही मुलांची चांगली भावना वाटली. काहींनी स्पष्ट सांगितले की कुत्र्यासाठी शाळा उभी करणे शोभत नाही. एका पालकांचे म्हणणे आमच्या मनात राहिले. ते म्हणाले, "सर, आपल्या जिल्ह्यात कापसाच्या कर्जापायी कर्ती माणसे गेली. त्यांच्यासाठी कोण उभे राहिले? आणि तुम्ही कुत्र्यासाठी उभे राहणार?"

हा प्रश्न रागाचा नाही, दुःखाचा आहे. म्हणून त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. आमच्या मते दया म्हणजे काही कणगीतले धान्य नव्हे, की कुत्र्याला पसाभर दिले तर माणसाच्या वाट्याचे कमी पडेल. ती अंगात मुरणारी सवय आहे. जे मूल मुक्या जनावराचे दुखणे ओळखायला शिकते, तेच उद्या शेजारच्या घरातली न पेटलेली चूल ओळखेल. कुत्र्यासाठी रडू नका असे सांगितलेले मूल माणसासाठी जास्त रडेल, असा अनुभव आम्हाला इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी आला नाही. मात्र त्या पालकांच्या बोलण्यातला अर्धा भाग आम्ही शिरोधार्य मानतो. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी दुःखद प्रसंग घडला, तर त्याच्या घरी शिक्षक आणि मुले गेलीच पाहिजेत. मोतीसाठी दोन मिनिटे उभे राहायचे आणि वर्गमित्राच्या घरी जायचे नाही, असे झाले तर ते खरोखरच शोभणार नाही.

आपल्या परंपरेने तरी काय सांगितले? महाभारताच्या शेवटी धर्मराज हिमालयाची वाट चालू लागला. द्रौपदी गेली, एकेक भाऊ पडला, आणि बरोबर उरला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला व म्हणाला, कुत्र्याला सोड आणि चल. आश्रयाला आलेल्याला सोडून आपल्याला स्वर्ग नको, असे धर्मराजाने सांगितले. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळले. आधी कळले असते तर त्या परीक्षेला अर्थच राहिला नसता. संत नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा आपल्या आजीने आपल्याला सांगितलेली आहे. माहूरला आपण पिढ्यान्‌पिढ्या दत्तदर्शनाला जातो. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद मानले जाते. घरातल्या तसबिरीतल्या कुत्र्याला रोज हात जोडायचे आणि दारातल्या कुत्र्याला दगड मारायचा, हे मुलांना कसे समजावून सांगणार?

आता अलीकडच्या काळातली उदाहरणे पाहू. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्या काळात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात जंजीर नावाचा लॅब्राडोर जातीचा कुत्रा होता. त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधून दिल्याची नोंद आहे. किती माणसे वाचली असतील याचा हिशोब करता येणार नाही. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला. पोलीस दलाने त्याला पूर्ण इतमामाने निरोप दिला. गणवेशातल्या अधिकाऱ्यांनी एका कुत्र्याच्या देहावर फुले वाहिली, तेव्हा कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे मुंबई पोलिसांचे चार कुत्रे शोधकामात राबले. सेवेतून निवृत्त झाल्यावर विरारजवळच्या एका शेतावर एका प्राणिप्रेमी व्यक्तीने त्यांना सांभाळले. २०१६ या एकाच वर्षात चौघेही एकामागून एक गेले. सीझर सर्वांत शेवटी, ऑक्टोबरमध्ये गेला. सोबती गेल्यानंतर तो खिन्न असे, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. या चौघांनी आधी माणसांना वाचवले, आणि म्हातारपणी माणसांनी त्यांना आसरा दिला. आम्हाला यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. काम करणाऱ्या कुत्र्याचे कौतुक कोणीही करील. काम संपल्यावर त्याला भाकर कोण घालतो, त्यावरून माणसाची पारख होते.

यावर कोणी म्हणेल, ते पोलिसांचे कुत्रे, त्यांनी पराक्रम केला. आपला मोती काय, फाटकाजवळ झोपायचा. तर मग 'गोवा'चे उदाहरण घ्या. गोव्याच्या रस्त्यावरचे हे बेवारस कुत्रे. रतन टाटांच्या एका सहकाऱ्याच्या गाडीतून ते मुंबईला आले आणि जिथून ते आले त्या गोव्याचेच नाव त्याला मिळाले. टाटा समूहाचे मुख्यालय असलेल्या बॉम्बे हाऊसमध्ये ते राहू लागले. २०१८ मध्ये त्या इमारतीचे नूतनीकरण झाले, तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तिथे खास खोली ठेवली गेली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटा गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले होते. मोठमोठ्या मंडळींच्या रांगेत 'गोवा'लाही आणले गेले. ज्याला आसरा दिला तोच आसरा देणाऱ्याला निरोप द्यायला आला. गोवाने कोणता पराक्रम केला होता? काहीच नाही. तो फक्त सोबत राहिला होता. सोबतीची किंमत कामगिरीवर ठरत नसते, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिले.

याच प्रसंगातली आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. नंतर थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर मजकूर फिरू लागला की मालकाच्या विरहाने 'गोवा'नेही तीन दिवसांत प्राण सोडला. अनेकांनी डोळे पुसत तो पुढे पाठवला. बातमी खोटी होती. मुंबईतल्या एका पोलीस अधिकाऱ्यांनी चौकशी करून कुत्रा सुखरूप असल्याचे सांगितले. प्रेमाच्या गोष्टीला खोट्याचा रंग देण्याची काय गरज होती? खरी गोष्ट पुरेशी सुंदर होती.

इथेच आम्हाला पालकांशी मनापासून बोलायचे आहे. घरातले कुत्रे, मांजर किंवा वासरू गेले की आपण मुलांना काय सांगतो? "पळून गेले", "मामाच्या शेतावर पाठवले", "झोपले आहे". हेतू चांगला असतो, मुलाला दुःख होऊ नये हाच. पण पळून गेले म्हटले तर मूल रोज संध्याकाळी वाट पाहते, आणि आपल्यावर रुसून गेले काय, असे मनाशी म्हणत राहते. झोपले म्हटले तर लहान मूल स्वतः झोपायला घाबरते. खोटे उघडे पडते तेव्हा मुलाला दोन दुःखे होतात, एक सोबती गेल्याचे आणि दुसरे आईवडिलांनी खरे न सांगितल्याचे. 'देवाघरी गेला' हा आपला जुना शब्द वाईट नाही, पण त्याबरोबर साध्या शब्दांत हेही सांगावे की त्याचे शरीर थकले होते, ते आता चालणार नाही, तो परत येणार नाही, आणि यात तुझा काही दोष नाही. मूल रडेल. रडू द्यावे. जवळ बसावे. मुलगा आहेस, रडतोस काय, असे म्हणू नये. आणि लगेच दुसऱ्या दिवशी नवे पिल्लू आणून देऊ नये, कारण त्यातून मूल एवढेच शिकते की गेलेल्याची जागा बाजारातून भरून आणता येते.

हिंदी साहित्य वाचताना आम्हाला महादेवी वर्मांनी हे फार चांगले शिकवले. त्यांचा 'गिल्लू' हा पाठ नववीच्या हिंदी पुस्तकात अनेक वर्षे होता. कावळ्यांच्या चोचीतून वाचलेले खारीचे पिल्लू त्यांनी जगवले. खारीचे आयुष्य दोनच वर्षांचे, असे त्या लिहितात. शेवटच्या रात्री गिल्लू त्यांचे बोट धरून राहिला, आणि सकाळ होताच गेला. त्यांनी त्याला सोनजुईच्या वेलीखाली पुरले. ना कांगावा, ना लपवाछपवी. आणि प्रेमचंदांच्या 'पूस की रात' मधला जबरा कुत्रा कोण विसरेल? थंडीच्या रात्री शेत राखणारा गरीब हलकू त्याला पोटाशी धरून ऊब घेतो. आदिलाबादची थंडी सोसलेल्या आणि रात्री शेतावर जागल केलेल्या माणसाला ती कथा समजावून सांगावी लागत नाही.

आता मोती शेवटचा महिना शाळेत का नव्हता, ते सांगतो. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचे आदेश दिले. त्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे, परत त्याच जागी सोडू नये, असे त्यात म्हटले होते. मुलांना हा आदेश निष्ठुर वाटला. काही मुले आमच्याकडे येऊन म्हणाली, "सर, मोती भटका नाही, तो आपला आहे."

मुलांचे म्हणणे हृदयाला भिडणारे होते, तरी आम्ही आदेशाच्या बाजूने उभे राहिलो, आणि आजही आहोत. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच राज्याच्या राजधानीत, अंबरपेट भागात, चार वर्षांच्या बालकाचा भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या आईवडिलांसमोर उभे राहून कुत्र्यांच्या इमानाच्या गोष्टी सांगण्याची हिंमत आपल्यापैकी कोणात आहे? शाळेत शिशुवर्गापासूनची मुले असतात. मोती आम्हाला ओळखत होता, पण रोज नवे येणारे लहान मूल मोतीला ओळखत नव्हते. म्हातारपणी दुखऱ्या पायाला चुकून धक्का लागला तर शांत कुत्रेही चावते. ही त्याची दुष्टाई नव्हे, त्याची वेदना आहे.

पण आदेश पाळणे म्हणजे त्याला पोत्यात घालून पैनगंगेच्या पुलापलीकडे सोडून येणे नव्हे. ऑगस्ट २०२५ मधल्या आदेशात न्यायालयाने कुत्रे दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली होती. अट एवढीच की घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. चौकीदार काकांनी तीच वाट धरली. आमच्या मते मोतीला खरा निरोप डिसेंबरातच दिला गेला. मुलांनी त्याला फाटकापर्यंत सोडले, तो काकांच्या सायकलमागे हळूहळू गेला, आणि एका घरात, गोणपाटावर, ओळखीच्या माणसाजवळ त्याचा शेवट झाला. भाषेत शिवी असलेले मरण त्याच्या वाट्याला आले नाही. याचे श्रेय शाळेचे नाही, काकांचे आहे.

प्रेम करायचे तर त्याची जबाबदारीही घ्यायची, हे या निमित्ताने सर्वांनी शिकावे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज एकदा लक्षणे दिसू लागली की बहुधा जीव घेतोच. पण वेळीच लस घेतली तर तो टाळता येतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो वाचला. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्या गावांत चाव्यावर तिखट, हळद, चुना लावतात, मांत्रिकाकडे नेतात. हे करू नका. कुत्र्याने चावले वा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा. मुलांनो, मार बसेल या भीतीने चावल्याची गोष्ट घरी लपवू नका. आणि पालकांनो, लपवावीशी वाटेल असे रागावू नका. गोवा राज्यात गावोगावी कुत्र्यांना लस देण्याची मोठी मोहीम झाली आणि २०२१ मध्ये त्या राज्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र घोषित करण्यात आले. दगड मारून हे झाले नाही, सुई टोचून झाले.

या सर्वांवरून विश्वस्त मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, शाळेच्या आवारात यापुढे मोकळे कुत्रे राहू देऊ नये, आणि त्यासाठी मागच्या बाजूची पडकी भिंत या उन्हाळ्यात बांधून घ्यावी. दुसरी, डबा खाल्ल्यावर उरलेले अन्न उघड्यावर टाकणे बंद करावे, कारण कुत्री आपल्या प्रेमापोटी येत नाहीत, उष्ट्यापोटी येतात. तिसरी, दरवर्षी २८ सप्टेंबरला, म्हणजे पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, जागतिक रेबीज दिवस असतो. त्या दिवशी मुलांच्या घरच्या कुत्र्या-मांजरांच्या लसीकरणासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना शाळेजवळ बोलवावे. खर्च फार नाही. मोतीच्या नावाने काही करायचेच असेल तर ते हे असावे. दगडी समाधी नको, फलक नको.

आणि त्या दोन मिनिटांचे काय झाले? सक्तीने शाळा उभी करायची नाही, असे आम्ही ठरवले. ज्यांना वाटेल त्यांनी मधल्या सुट्टीत चिंचेखाली यावे, ज्यांना वाटणार नाही त्यांनी खेळावे, आणि दोघांनी एकमेकांना हसू नये, एवढेच सांगितले. बरीच मुले आली. कोणी भाषण केले नाही. एका मुलीने काकांना विचारले, "त्याला थंडी वाजत होती का?" काका म्हणाले, "नाही बेटा, चुलीजवळच होता."

आपल्या भारतीय राज्यघटनेत, १९७६ सालच्या दुरुस्तीने, नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य आहे. नागरिकशास्त्राच्या परीक्षेत ते लिहून सगळेच गुण मिळवतात. बैलाचे ऋण फेडायला आपण पोळा करतो. कुत्र्यासाठी आपल्याकडे असा सण नाही, आणि तो हवा असेही आमचे म्हणणे नाही. पाण्याचे भांडे, वेळेवर लस, म्हातारपणी एक कोपरा आणि गेल्यावर विहिरीपासून दूर खणलेला खोल खड्डा, इतके केले तरी पुष्कळ झाले.

परीक्षा जवळ आल्या आहेत. अभ्यासाला लागा, प्रकृती सांभाळा. पालकांनी या विषयावरची आपली मते, विरोधी असली तरी, जरूर लिहून पाठवावीत. पुढच्या अंकात ती छापू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
मुख्याध्यापक